कुणाच्या वहीत कुणाचे नाव

जिन्सी भागातल्या आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. त्यांच्या लोखंडी पेटीत निकाहनामा, घराचा जुना उतारा आणि पतीच्या मृत्यूचा दाखला यांच्याबरोबर घडीवर फाटत चाललेला एक कागद आहे. १९८६ साली एका मोठ्या शहरातल्या मनोविकारतज्ज्ञाने तो लिहून दिला. कागद इंग्रजीत आहे. औषधांच्या दोन नावांच्या वर एक आकडा आहे : ३०२.५. खालांना इंग्रजी येत नाही. पण त्या आकड्याचा अर्थ त्यांना कुणीतरी तेव्हाच सांगितला होता. तुमच्या मुलाला विकृती आहे.

तो मुलगा माझा विद्यार्थी होता. शाळेच्या हजेरीपटात त्याची नोंद मुलगा म्हणून होती. आज ती स्वतःला स्त्री म्हणवते, म्हणून या लेखात यापुढे मीही 'ती' असेच लिहितो. सातवीत मी सहलीवर निबंध लिहायला दिला होता. तिने लिहिले, 'मी वेरूळला गेले होते. चढ चढून मी दमले.' मी लाल शाईने 'गेले'चे 'गेलो' आणि 'दमले'चे 'दमलो' केले. एवढ्यावर थांबलो असतो तर मास्तरकी झाली असती. मी ती वाक्ये वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. वर्ग हसला, मीही हसलो. आपली मराठी भाषा अशी आहे की 'मी' म्हणणाऱ्याला पुढच्याच शब्दात आपण बाई की पुरुष हे सांगावे लागते. तिने ते सांगितले होते. मी ती व्याकरणाची चूक मानली.

पुढे तिला आधी आमिलाकडे नेले. तावीज झाले, दम केलेले पाणी झाले. मग डॉक्टर झाला. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि 'लग्न करून टाका, ठीक होईल' असे सांगितले. १९९२ मध्ये एका गरीब घरची मुलगी पाहून निकाह लावला. ती बिचारी आठ महिन्यांत माहेरी परतली. खुलाचे कागद झाले. त्या मुलीचा कसूर काय होता, हे कुणी विचारले नाही. त्याच साली खालांचे लेकरू मुंबईला निघून गेले.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर खालांनी मला बोलावले. पेटी उघडून तो कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मास्टरसाब, कोई बोला की अब ये बीमारी किताब में से निकाल दिये. तो वो कागज झूठा था क्या?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहिला आहे. ते एका वाक्यात देता येत नाही. कारण अशा माणसांची नोंद आपल्याकडे एकाच वहीत झालेली नाही. फकीहांनी एक वही ठेवली, पोलिसांनी दुसरी आणि डॉक्टरांनी तिसरी. तिन्ही वह्यांचा थोडाफार संबंध आपल्या या शहराशी येतो.

फकीहांची वही

सुरुवात जवळूनच करू. औरंगाबादहून, म्हणजे २०२३ पासून ज्याचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर आहे त्या शहरातून, वेरूळच्या वाटेवर खुलताबाद लागते. तेथे १७०७ मध्ये वारलेल्या बादशहा औरंगजेबाची साधी, उघड्या आकाशाखालची कबर आहे. त्याच्या आज्ञेने बुऱ्हाणपूरच्या शेख निजाम यांच्या देखरेखीखाली हनफी फिकहचा जो प्रचंड संग्रह तयार झाला, तो 'फतावा-ए-आलमगिरी'. त्यात एक प्रकरण 'खुन्सा'वर आहे. त्याच्या पाचशे वर्षे आधी, ११९७ मध्ये वारलेल्या मर्गीनानींच्या 'हिदाया' या ग्रंथाचा शेवटही याच विषयाने होतो.

खुन्सा म्हणजे ज्याच्या शरीरातच स्त्री आणि पुरुष दोघांची चिन्हे आहेत, किंवा कोणतेच चिन्ह स्पष्ट नाही, असा माणूस. फकीहांनी त्याच्यासाठी निकष ठरवले. लहानपणी लघवीचा मार्ग पाहावा. वयात आल्यावर दाढी येते की स्तन येतात ते पाहावे. एवढे करूनही निर्णय होत नसेल तर त्याला 'खुन्सा मुश्किल' म्हणावे. आजच्या वैद्यकाच्या भाषेत हेही निदानाचेच निकष होत.

पण मला महत्त्वाचे वाटते ते निदान होत नाही तेथून पुढचे. निर्णय लागला नाही म्हणून फकीहांनी त्या माणसाला बाहेर ठेवले नाही. जमातीत त्याची सफ ठरवली. आधी पुरुष, मग मुले, मग खुन्सा, मग स्त्रिया. वारशात हिस्सा दिला. इमाम अबू हनीफांच्या मते दोन संभाव्य हिश्श्यांपैकी कमी असलेला, तर इतरांच्या मते दोन्हींच्या मधला. मरण पावल्यावर पुरुषाने गुस्ल द्यायचा की स्त्रीने, हा पेच आला तेव्हा तयम्मुम करावा असे सांगितले. हिस्सा कमी दिला, सफ मागची दिली, हे मान्य. पण सफ दिली. प्रश्न मुश्किल आहे, माणूस नव्हे, एवढा विवेक त्या पानांत आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खुन्साचा प्रश्न शरीराचा आहे. खालांच्या लेकीचे शरीर पुरुषाचेच होते. मन त्याला जुळत नव्हते. या प्रकारासाठी जुन्या ग्रंथांत 'मुखन्नस' हा शब्द येतो, म्हणजे चालण्याबोलण्यात बायकी असलेला पुरुष. तेराव्या शतकातले हदीसचे भाष्यकार इमाम नववी यांनी त्यातही दोन प्रकार केले. जो जन्मतःच तसा आहे त्याच्यावर दोष नाही, गुनाह नाही. जो मुद्दाम सोंग आणतो तो दोषी. मुखन्नस आणि आजची पारलिंगी व्यक्ती एकच, असा दावा मी करणार नाही. पण 'हे त्याच्या हातात आहे का?' हा प्रश्न आपल्या परंपरेला सुचला होता आणि त्यावर दोष ठरत होता, हे नोंदवण्यासारखे आहे.

आधुनिक काळात या वहीत नवी पाने जोडली गेली. १९८८ मध्ये कैरोत अल-अझहरच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने शस्त्रक्रिया करून स्त्री म्हणून राहायला सुरुवात केली, तेव्हा इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांना फतवा द्यावा लागला. शरीरात दडलेले लिंग उघड करण्यासाठी विश्वासू डॉक्टरने सांगितल्यास शस्त्रक्रिया चालेल, केवळ इच्छा म्हणून चालणार नाही, असा त्याचा आशय होता. इराणमध्ये आयतुल्ला खोमेनींनी याहून मोकळी परवानगी दिली. मात्र तेथे समलिंगी पुरुषांवरही शस्त्रक्रियेचा दबाव येतो, अशा तक्रारी झाल्या. उलेमांत एकमत नाही. बहुसंख्य उलेमा खुन्साच्या पलीकडे शस्त्रक्रियेला परवानगी देत नाहीत. पण कैरो असो वा तेहरान, एक बदल दोन्हीकडे दिसतो. फकीह आता डॉक्टरच्या कागदाकडे पाहू लागला. म्हणजे डॉक्टरच्या वहीतला एक शब्द बदलला तर त्याचा धक्का फतव्यापर्यंत पोचणार.

पोलिसांची वही

दुसरी वही इंग्रजांनी उघडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग 'युनक' म्हणजे हिजड्यांविषयी होता. मुले पळवल्याचा, खच्चीकरणाचा किंवा अनैसर्गिक गुन्ह्याचा संशय असलेल्यांची नावे आणि राहण्याची ठिकाणे नोंदवहीत लिहायची. नोंद झालेला माणूस रस्त्यावर स्त्रीवेशात दिसला, नाचला, गायला तर वॉरंटशिवाय अटक. त्याला मृत्युपत्र करता येत नव्हते, दत्तक घेता येत नव्हते. या कायद्याचा मुख्य अंमल उत्तर हिंदुस्थानात झाला.

मराठी मुलखात वही वेगळी होती, पण परिणाम फार वेगळा झाला नाही. मराठा राजवटीत हिजड्यांना गावोगाव मागण्याचा हक्क होता. काहींना रोख नेमणुका आणि जमिनीही होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने हा हक्क कायद्याने मानायचे नाकारले. हक्काचे मागणे गेले आणि नुसती भीक उरली.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इंग्रजांनी १९११ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा नव्याने केला तेव्हा हिजड्यांचा भाग गाळला. पण निजामाच्या सरकारने १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, जवळपास तशाच शब्दांत स्वतःचा कायदा केला. तो हैदराबाद शहराला आणि सरकार ज्या इतर ठिकाणी लागू करील त्या ठिकाणांना होता. तीच नोंदवही, स्त्रीवेशासाठी तीच वॉरंटविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. ज्या दरबाराच्या अमदानीत आपल्या थोरांनी न्याय, इल्म आणि तहजीब पाहिली, त्याच दरबाराने इंग्रजांनी टाकून दिलेले पान उचलून आपल्या वहीत चिकटवले. आपल्या आठवणींच्या पुस्तकांत याचा उल्लेख सहसा येत नाही. तो आला पाहिजे.

१९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. हा कायदा मात्र 'तेलंगण विभाग' असे नाव घेऊन तिकडे राहिला. घटना आली, तरी तो राहिला. २०२३ च्या जुलैमध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. शंभर वर्षांहून अधिक काळ ही वही कायद्याने उघडी होती.

डॉक्टरांची वही

आता ३०२.५ कडे येऊ. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातला, म्हणजे आयसीडीतला आहे. त्याची नववी आवृत्ती १९७९ पासून वापरात होती. तिच्यात ३०२ या आकड्याखाली 'लैंगिक विकृती व विकार' असा गट होता. ३०२.० म्हणजे समलिंगी आकर्षण, ३०२.५ म्हणजे आपले खरे लिंग शरीराच्या लिंगाहून वेगळे आहे असे वाटणे. आपण बोलताना या दोन्हींची सरमिसळ करतो. एक प्रश्न कुणाची ओढ वाटते याचा आहे, दुसरा मी कोण आहे याचा. वहीने दोन्हींना एकाच कोठडीत टाकले होते.

गंमत अशी की ३०२.० पुढे एक टीप होती : समलिंगी आकर्षण मनोविकार मानले जावो वा न मानले जावो, त्याची नोंद येथेच करावी. वही लिहिणाऱ्यालाच खात्री राहिली नव्हती. त्याचे कारण अमेरिकेत घडले होते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ मध्ये आपली निदानवही काढली, तिला डीएसएम म्हणतात. तिच्यात समलैंगिकता मनोविकार होती. १९५७ मध्ये एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तोवर डॉक्टर जे समलिंगी पाहत ते रुग्णालयात किंवा तुरुंगात आलेले असत. बाईंनी बाहेर नीट जगणारे ३० समलिंगी आणि ३० इतर पुरुष घेतले, त्यांच्या मानसिक चाचण्या केल्या आणि नावे झाकून निष्कर्ष तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण कोणता ते तज्ज्ञांना ओळखता आले नाही. १९७२ मध्ये संघटनेच्या अधिवेशनात जॉन फ्रायर या मनोविकारतज्ज्ञाने मुखवटा घालून, आवाज बदलून सांगितले की मी समलिंगी आहे आणि तुमच्यातलाच डॉक्टर आहे. डिसेंबर १९७३ मध्ये विश्वस्त मंडळाने समलैंगिकता यादीतून काढली. विरोधकांनी मतदान मागितले. १९७४ मध्ये ५,८५४ सभासदांनी निर्णय उचलून धरला, ३,८१० विरोधात गेले.

'आजार काय मतदानाने ठरतो?' असा टोमणा तेव्हापासून मारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण तो उलटही विचारावा लागेल. १९५२ मध्ये ती नोंद कोणत्या प्रयोगाने झाली होती? समाजाची नापसंती वहीत विज्ञान म्हणून शिरली होती. वाद मिटवताना रॉबर्ट स्पिट्झर यांनी जो निकष पुढे केला तो मात्र टिकाऊ ठरला. एखादी अवस्था त्या माणसाला स्वतःला नेहमी यातना देते का, किंवा त्याचे जगणे सर्वसाधारणपणे अडवते का? तसे नसेल तर ती निराळी असेल, पण आजार नव्हे.

१९८० च्या डीएसएममध्ये समलैंगिकता जवळजवळ गेली, पण 'मी कोण' या प्रश्नासाठी नव्या नोंदी आल्या. त्या निघायला आणखी वेळ लागला. १९९० मध्ये मंजूर झालेल्या आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीने लैंगिक कल हा स्वतः विकार नव्हे असे लिहिले, पण पारलिंगी व्यक्तींची नोंद व्यक्तिमत्त्वाच्या विकारांत ठेवली. २०१३ च्या डीएसएमने 'लिंगओळखीचा विकार' हे नाव टाकून 'जेंडर डिस्फोरिया' आणले. म्हणजे ओळख हा आजार नव्हे, त्यातून होणारी घुसमट हा उपचाराचा विषय. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आयसीडीची अकरावी आवृत्ती स्वीकारली. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने ही नोंद मनोविकारांच्या प्रकरणातूनच उचलली आणि लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात 'लिंगविसंगती' म्हणून ठेवली. नुसत्या वागण्याच्या किंवा आवडीच्या निराळेपणावरून निदान करू नये, असेही बजावले.

मग ती पूर्ण का काढली नाही? कारण व्यवहाराचे आहे. आपल्या घाटी दवाखान्यात केसपेपर काढायचा तर त्यावर काहीतरी लिहावे लागते. बीड जिल्ह्यातील एका पोलीस शिपायाने स्त्री म्हणून भरती झाल्यावर लिंगबदल शस्त्रक्रियेची परवानगी मागितली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, अखेर सरकारने परवानगी दिली आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. अशा अर्जाचा पाया डॉक्टरचा कागदच असतो. नोंद अजिबात नसेल तर सरकारी रुग्णालयाचे दार बंद होईल, आणि पैसेवाल्याला खासगी दार उघडे राहील. म्हणून नोंद ठेवली, पण विकृतीच्या कोठडीतून बाहेर काढून. गरोदर बाईचीही रुग्णालयात नोंद होते. ती आजारी नसते, तिला मदत हवी असते.

आपल्या देशात या बदलाला कायद्याचे वजन आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकार ठरवताना आयसीडीच्या ताज्या आवृत्तीसारख्या मान्य निकषांचा आधार सांगितला. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख हा व्यक्तीचा हक्क मानला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा समलिंगी प्रौढांना गुन्हेगार ठरवणारा भाग रद्द झाला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 'बदलून टाकण्याचे' उपचार हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले. पण वही मागेही जाते. २०२४ च्या ऑगस्टअखेर त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत आले. ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला.

खालांना उत्तर

मी खालांना सांगितले, कागद खोटा नव्हता. त्या डॉक्टरने त्याच्या वहीत होते तेच लिहिले. वही चुकली होती, आणि ती चुकली होती हे पुढे डॉक्टरांनीच मान्य करून दुरुस्त केले. मग मला आणखी एक गोष्ट सांगावी लागली, आणि ती सांगताना माझा आवाज बसला. त्या वहीत आकडा होता, 'लग्न करून टाका' असे औषध कुठेच नव्हते. ते डॉक्टर म्हणून नव्हे, आपल्यातलाच एक माणूस म्हणून तो बोलला, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. त्या सुनेचे आठ महिने कोणत्याही आयसीडीने घेतले नाहीत. आम्ही घेतले. आणि लाल शाई तर केवळ माझी होती.

अकरावी आवृत्ती तयार होत असताना मेक्सिको सिटीत २५० पारलिंगी व्यक्तींचा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या यातनेचा संबंध त्यांच्या ओळखीपेक्षा लोकांनी झिडकारण्याशी आणि हिंसेशी अधिक दिसला. त्यात घरच्यांचे झिडकारणेही होते. खालांना हे मी सोपे करून सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मतलब दुखता था, वो हमारे हाथ से."

कागद घडी करून पेटीत ठेवताना त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मला वाटते, खरा प्रश्न तोच होता. "ईद को वो आती है, रात की गाडी से जाती है. मेरे जनाजे में वो कहाँ खडी रहेंगी, मास्टरसाब?"

मी फिकहच्या सफांविषयी वाचलेले त्यांना सांगितले. आठशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात निर्णय न लागलेल्या माणसालाही जागा आहे, हे ऐकून त्यांना बरे वाटले. पण ते ग्रंथाचे उत्तर झाले. डॉक्टरांनी वही बदलली, न्यायालयाने निजामाची वही बंद केली. ज्या दिवशी खालांचा जनाजा उचलला जाईल, त्या दिवशी त्यांच्या लेकीला खांद्याजवळ येऊ द्यायचे की गल्लीच्या तोंडाशी थांबवायचे, हे कोणत्याच वहीत लिहिलेले नसेल. ते आमच्या मोहल्ल्याला ठरवायचे आहे. खाला हयात आहेत, तोवर ठरवले तर बरे.